हार्वर्डचा दरवाजा आणि न्यायाचं माप



हैदराबादहून एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. त्यांचा भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीत जन्मला आणि तिथेच वाढला. सध्या तो कॉलेजसाठी अर्ज भरतोय. मार्क चांगले आहेत, गणितात हुशार आहे, व्हायोलिन वाजवतो. अर्जात एक रकाना आहे: तुमचा वंश कोणता? भाच्याचे बाबा म्हणतात, "तो रकाना रिकामा सोड. 'आशियाई'वर खूण केलीस की तुझी गाठ बाकीच्या सगळ्या हुशार आशियाई मुलांशी." आई म्हणते, "रकाना रिकामा ठेवशील रे, पण आडनावाचं काय करशील?" आणि ताई मला विचारतात, "तिकडे आरक्षण नाही, सगळं गुणवत्तेवर चालतं, असं आम्ही ऐकत आलो. मग पोराला आपण कोण आहोत ते लपवावंसं का वाटतं?"

ताई, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. त्या भाच्याने काय करावं हे मी शेवटी सांगणारच आहे. पण आधी आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल. कारण आज या गोष्टीत आशियाई मुलं जिथे उभी आहेत, तिथे तेव्हा दुसरीच मुलं उभी होती.

चारित्र्य नावाची चाळणी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवणं आजच्या इतकं अवघड नव्हतं. प्रवेशपरीक्षा असायची, ती नीट पास झालात की आत. श्रीमंत घरची, खासगी शाळांत शिकलेली मुलं ती परीक्षा देत आणि शिरत. मग पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची मुलं शाळांतून वर येऊ लागली. घरी पैसा बेताचाच, पण अभ्यासाला जुंपून घेणारी मुलं. १९०० साली हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते. १९२२ पर्यंत ते २१ टक्क्यांच्या पुढे गेले.

हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष होते ॲबट लॉरेन्स लॉवेल. त्यांना ही वाढ खटकली. ज्यू विद्यार्थ्यांवर १५ टक्क्यांची मर्यादा घालावी असं त्यांनी सुचवलं. बातमी बाहेर फुटली, टीकेची झोड उठली आणि प्राध्यापकांच्या समितीने उघड कोट्याला नकार दिला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

त्याच सुमाराला अर्जात नवे प्रश्न आले. त्यातला एक प्रश्न असा होता की तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल केलाय का? असा प्रश्न कशासाठी, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कुणी ज्यू आडनाव बदलून घेतलं असेल, तर तो सापडावा म्हणून. आज न्यू जर्सीतली आई म्हणते ना, आडनावाचं काय करशील? ती भीती शंभर वर्षं जुनी आहे.

मग १९२६ मध्ये हार्वर्डने पहिल्या वर्षाच्या जागा १००० पुरत्या मर्यादित केल्या आणि निवड फक्त अभ्यासावर न करता 'चारित्र्य' आणि 'योग्यता' पाहून करायची ठरवली. अर्जासोबत फोटोही मागवला जाऊ लागला. आता चारित्र्याला कोण विरोध करणार? ऐकायला शब्द किती चांगला! पण चारित्र्याचे मार्क देणार कोण, कशाच्या आधारावर देणार आणि ते मुलाला दाखवणार का, हे कुणालाच सांगायचं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण लॉवेल यांना हव्या असलेल्या आकड्याच्या आसपास येऊन थांबलं. हा सगळा इतिहास जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली कागदपत्रांनिशी मांडला आहे.

म्हणजे झालं काय? पुढच्या दाराने कोटा नाकारला गेला आणि मागच्या दाराने चारित्र्य आत आलं. उघड कोट्यावर लोकांना निदान भांडता तरी आलं. चारित्र्यावर कुणालाच भांडता येईना.

हे सूत्र ध्यानात ठेवा, मंडळी. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार त्यात आहे.

उघडं माप बाद, झाकलेलं मान्य

आता चाळीस वर्षं पुढे येऊ. १९६० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांची नागरी हक्कांची चळवळ झाली आणि १९६४ साली नागरी हक्क कायदा आला. कित्येक पिढ्यांची गुलामगिरी, त्यानंतर शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, नोकऱ्या बंद. एवढं सगळं होऊन गेल्यावर 'आजपासून सगळे समान' असं म्हटल्याने शर्यत समान होत नाही, हे अनेक विद्यापीठांना पटलं. त्यांनी वंचित वंशगटांतल्या मुलांना प्रवेशात झुकतं माप द्यायला सुरुवात केली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा अशा मुलांसाठी राखून ठेवल्या. आपल्याकडे याला सरळ आरक्षण म्हणतील. ॲलन बाकी नावाच्या गोऱ्या अर्जदाराला दोनदा नकार मिळाला, तो कोर्टात गेला. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जागा राखून ठेवणं चालणार नाही, बाकीला प्रवेश द्या. मात्र अर्ज पाहताना अनेक गोष्टींपैकी एक गोष्ट म्हणून वंशाचा विचार करायला हरकत नाही. आणि हे कसं करावं याचा नमुना म्हणून न्यायमूर्ती पॉवेल यांनी कुठल्या विद्यापीठाची पद्धत आपल्या निकालाला जोडली? हार्वर्डची! अर्जाकडे समग्रपणे बघायचं, माणूस म्हणून बघायचं, ही तीच पद्धत. १९२६ मध्ये तिचा उपयोग एका अल्पसंख्याक समाजाला रोखायला झाला. १९७८ मध्ये दुसऱ्या अल्पसंख्याक समाजाला आत घ्यायला तीच उपयोगी पडली. हत्यार एकच, हात वेगळे.

२००३ साली मिशिगन विद्यापीठाविरुद्धच्या दोन खटल्यांचे निकाल एकाच दिवशी लागले, आणि हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पदवीच्या प्रवेशासाठी मिशिगनमध्ये गुणांचा उघड तक्ता होता. एकूण १५० गुण, १०० मिळाले की प्रवेश नक्की. त्यात कमी प्रतिनिधित्व असलेल्या वंशगटातल्या मुलाला २० गुण जादा. कोर्ट म्हणालं, हे घटनेला धरून नाही. दुसरीकडे त्याच विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये गुणांचा तक्ता नव्हता, पण अर्ज समग्रपणे पाहताना वंशाचा विचार व्हायचा. कोर्ट म्हणालं, हे चालेल. न्यायमूर्ती ओकॉनर यांनी एवढी अपेक्षा व्यक्त केली की आणखी २५ वर्षांनी याची गरज उरू नये.

म्हणजे काय झालं बघा. वंशाला किती वजन दिलं हे ज्यांनी कागदावर लिहिलं ते हरले. ज्यांनी लिहिलं नाही ते जिंकले. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी आपल्या विरोधी निकालात हेच म्हटलं होतं की डोळे मिचकावून, आडवळणाने तेच करण्यापेक्षा जे करतोय ते उघडपणे मांडणारी पद्धत बरी. पण त्या अल्पमतात होत्या. देशभरच्या विद्यापीठांनी घ्यायचा तो धडा घेतला. आकडा लिहू नका.

एक ते सहाचा खेळ

आता ताईंच्या भाच्याकडे येऊ. २०१४ साली 'स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स' या संघटनेने हार्वर्डवर खटला भरला. संघटनेमागे होते एडवर्ड ब्लम. वंशाधारित प्राधान्याविरुद्ध अनेक वर्षं खटले उभे करणारे हे गृहस्थ स्वतः ना आशियाई, ना विद्यार्थी. आरोप असा होता की हार्वर्ड आशियाई-अमेरिकी मुलांवर अन्याय करतं.

२०१८ मध्ये बोस्टनच्या कोर्टात तीन आठवडे सुनावणी झाली आणि हार्वर्डच्या प्रवेशाची आतली यंत्रणा पहिल्यांदाच इतक्या तपशिलाने बाहेर आली. प्रत्येक अर्जाला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि 'व्यक्तिमत्त्व' अशा सदरांत साधारण १ ते ६ असे गुण दिले जातात. १ म्हणजे सर्वोत्तम. अभ्यासात आशियाई मुलं सरासरीने सगळ्यांत पुढे. इतर उपक्रमांतही मागे नाहीत. पण व्यक्तिमत्त्वाच्या सदरात त्यांचे गुण सगळ्या गटांत खाली. या सदरात काय येतं? मनमिळाऊपणा, धैर्य, दयाळूपणा, नेतृत्व. आणि हे गुण देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी बहुतेक मुलांना पाहिलेलंही नसायचं. उलट मुलांना प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई मुलांना गोऱ्या मुलांच्या जवळपासच गुण दिले होते.

आता हे ऐकून तुम्ही म्हणाल, अन्याय सिद्ध झाला की! थांबा. कोर्टात दोन्ही बाजूंनी एकेक नामवंत अर्थतज्ज्ञ उभा होता. संघटनेकडून ड्यूक विद्यापीठाचे पीटर आर्सिडियाकोनो, हार्वर्डकडून डेव्हिड कार्ड. या कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं. दोघांसमोर माहिती एकच आणि निष्कर्ष मात्र उलटे. असं कसं? वादाचं एक मोठं कारण म्हणजे हेच व्यक्तिमत्त्वाचं सदर. आर्सिडियाकोनो म्हणाले, या सदरातच भेदभाव शिरलाय, म्हणून ते हिशोबातून काढा. ते काढलं की आशियाई मुलांवर अन्याय दिसतो. कार्ड म्हणाले, हे सदर प्रवेशाचा खरा भाग आहे, ते ठेवा. ते ठेवलं की अन्याय दिसेनासा होतो. म्हणजे एवढं मोठं गणित शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबलं. न पाहिलेल्या मुलाच्या मनमिळाऊपणाला दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या बाजूने निकाल दिला. जाणूनबुजून भेदभाव केल्याचा पुरावा नाही, पद्धत निर्दोष नसली तरी कायद्यात बसते, असं त्यांचं मत पडलं. शिक्षकांच्या आणि समुपदेशकांच्या शिफारसपत्रांतला फरकही या गुणांत उतरत असेल, हेही त्यांनी लक्षात घेतलं. २०२० मध्ये वरच्या कोर्टाने तोच निकाल कायम ठेवला. आणि २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने प्रवेशात वंशाचा घटक म्हणून वापर करण्याची दारं जवळपास बंद केली. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं, तर ते वाचायला मात्र मुभा ठेवली.

त्या निकालात एक आकडा आहे. अभ्यासाच्या गुणांनुसार अर्जदारांचे दहा सारखे गट केले, तर सगळ्यांत वरच्या गटातल्या आशियाई-अमेरिकी मुलाला प्रवेश मिळण्याचं प्रमाण १२.७ टक्के होतं. खालून चौथ्या गटातल्या कृष्णवर्णीय मुलाचं प्रमाण १२.८ टक्के. हा आकडा आपल्या घरांतून फार फिरला. तो ऐकून राग येणं मी समजू शकतो. पण या एकाच आकड्यावर थांबलो, तर आपणही अर्धीच गोष्ट ऐकू.

तिसऱ्या दाराने कोण जातं?

आपण भांडतोय कुणाशी? आशियाई मुलगा आणि कृष्णवर्णीय मुलगा एका खुर्चीसाठी समोरासमोर आहेत, असं चित्र आपल्यापुढे उभं केलं जातं. पण त्याच खटल्यामुळे आणखी एक दार दिसलं. हार्वर्डमध्ये चार प्रकारच्या मुलांना खास प्राधान्य मिळायचं: खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं आणि अधिष्ठात्यांच्या खास यादीतली मुलं. त्या यादीत देणगीदारांच्या नात्यागोत्यातली मुलंही यायची. संघटनेच्या बाजूने उभ्या असलेल्या त्याच आर्सिडियाकोनोंनी सहकाऱ्यांबरोबर पुढे हे आकडे मांडले. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक मुलं या चारांपैकी एका प्रकारातली. कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिनो मुलांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत. आणि या प्राधान्याशिवाय अर्ज पाहिले असते, तर त्या गोऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना नकार मिळाला असता, असा त्यांचा अंदाज आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण तेव्हा तीनातून एक होतं. बाकीच्यांचं शंभरातून सहाच्या आसपास.

न्यायमूर्ती केतान्जी ब्राऊन जॅक्सन यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यात विरोधी निकाल लिहिताना दोन काल्पनिक मुलं उभी केली. एकाच्या घराण्यातली ही सातवी पिढी त्या विद्यापीठात जाणार, तो गोरा. दुसरा कृष्णवर्णीय, घरातला तिथे जाणारा पहिलाच. त्याच्या आधीच्या पिढ्यांना त्या दारातून आतच घेतलं जात नव्हतं. आता नियम असा झाला की पहिला मुलगा 'आमच्या सात पिढ्या इथल्या' हे सांगू शकतो आणि त्याला त्याचा फायदाही मिळू शकतो. दुसऱ्याचं आजोबांना नाकारलं जाणं मात्र त्याच तोलाने मोजता येणार नाही. हा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही.

वशिला म्हणजे काय हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिकडच्या इंग्रजीत त्याला 'लेगसी' म्हणतात, एवढाच फरक. २०२३ मध्येच राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की परीक्षेत सारखेच गुण असले, तरी सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या निवडक विद्यापीठांत पोचतात. वंशाचं वजन कोर्टाने काढलं. वारशाचं वजन काढायला कोर्टाने सांगितलेलं नाही. जॉन्स हॉपकिन्स आणि ॲमहर्स्ट यांनी ते आपणहून सोडलं. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांनाही त्याची बंदी करणारा कायदा केला. बऱ्याच ठिकाणी मात्र ते अजून चालू आहे.

आणि एक गोष्ट आपण आपल्यालाच सांगायला हवी. 'आशियाई' हा रकाना फार मोठा आहे. त्यात इंजिनीअर आईवडिलांचा मुलगा येतो, तसाच कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबाचाही येतो. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतातून जे लोक गेले, त्यांतले पुष्कळ जण शिक्षणाच्या चाळणीतून निवडूनच गेले. म्हणून आपल्या मुलांचे मार्क ही त्यांच्या कष्टांची कमाई आहेच, शिवाय घरात आधीच असलेल्या पदव्यांचीही आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र दुसऱ्याच्या मुलाला 'फुकटचं मिळालं' म्हणण्याआधी आपल्या मुलाला घरातून काय मिळालं, हे एकदा मोजून बघावं.

निकालानंतर

मग निकालानंतर आशियाई मुलांना जागा जास्त मिळाल्या का? २०२४ मध्ये आलेल्या पहिल्या तुकडीचं चित्र सरळ नाही. एमआयटीमध्ये आशियाई-अमेरिकी ४० वरून ४७ टक्क्यांवर गेले आणि कृष्णवर्णीय ५ टक्क्यांवर घसरले. हार्वर्डमध्ये कृष्णवर्णीय १८ वरून १४ टक्क्यांवर आले, पण आशियाई ३७ वर होते तिथेच राहिले. येलमध्ये तर आशियाई ३० वरून २४ वर उतरले आणि कृष्णवर्णीय १४ वरच राहिले. एका वर्षाच्या आकड्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण एवढं म्हणता येतं की नियम एकच आणि निकाल तीन तऱ्हेचे. माप अजूनही झाकलेलंच आहे.

वंशाचं नाव न घेता विविधता आणायचा प्रयत्नही झालेला आहे. कॅलिफोर्नियात १९९६ च्या जनमताने सरकारी विद्यापीठांना वंशाचा विचार करायला बंदी केली. तेव्हापासून त्या विद्यापीठाने गरीब शाळांपर्यंत पोचण्यासाठी अर्धा अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला आणि तरीही हवं तितकं साधलं नाही, असं कोर्टाला कळवलं. टेक्सासने १९९७ मध्ये वेगळी वाट काढली. प्रत्येक शाळेतल्या पहिल्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठात प्रवेश. नियम एका ओळीत सांगता येतो, कुणालाही तपासता येतो. अर्थात तो चालतो याचं एक कारण दुःखद आहे. तिथल्या शाळा अजूनही वस्तीवस्तीनुसार गोऱ्या-काळ्या अशा वेगळ्या आहेत.

आणि आपल्याकडे?

आपला रस्ता वेगळा आहे. आपण आकडा लिहिला. स्वातंत्र्यानंतर मद्रास राज्यात कॉलेजच्या प्रत्येक १४ जागांची वाटणी ठरलेली होती: ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ तेव्हाच्या भाषेत हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन आणि ख्रिश्चनांना, १ मुसलमानांना. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द केली. त्याच वर्षी संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) आणलं आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीचा रस्ता घटनेतच मोकळा केला. आज केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५, ओबीसींना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के. आयआयटीत कुठल्या शाखेची जागा कुठल्या प्रवर्गात कितव्या क्रमांकावर बंद झाली, हे घरबसल्या कुणालाही बघता येतं.

यावर आपण किती भांडतो! पण भांडू शकतो ते आकडा समोर आहे म्हणूनच. कोर्टात जातो, मोर्चे काढतो, समित्या बसतात, आकडे बदलतात. हे उघडेपण मोलाचं आहे.

मात्र पाठ थोपटून घेण्याआधी दोन गोष्टी. एक, उघड्या मापाची किंमत मुलं मोजतात. यादीत प्रवर्ग दिसतो, मग होस्टेलवर "तुझी रँक काय?" या साध्या प्रश्नाआडून जात विचारली जाते. खुली जागा सगळ्यांसाठी खुली असते, राखीव प्रवर्गातला मुलगा गुणांवर तिथे येऊ शकतो, हे कितीतरी सुशिक्षित घरांत अजून माहीत नाही. माप उघडं ठेवणं ही पहिली पायरी. त्या मापावरून माणसाला हिणवायचं नाही, ही दुसरी. ती आपण अजून चढलेलो नाही.

दोन, आपल्याकडेही झाकलेली मापं आहेत. जेएनयूमध्ये २०१६ च्या सुमारास विद्यापीठाच्याच समितीने लेखी आणि तोंडी परीक्षेच्या गुणांची तुलना केली. वंचित गटांतल्या मुलांच्या बाबतीत तोंडी परीक्षेत भेदभाव होत असल्याचं तिला दिसलं, आणि तोंडीचे गुण ३० वरून १५ वर आणावेत असं तिने सुचवलं. बोस्टनच्या कोर्टातलं व्यक्तिमत्त्वाचं सदर आणि दिल्लीतली ही तोंडी परीक्षा, यांत तुम्हाला फार अंतर दिसतं का? आणि वारशाचं दार म्हणाल तर आपल्याकडेही आहे. २००५ च्या इनामदार खटल्यात, जो महाराष्ट्रातूनच गेला होता, सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यावसायिक कॉलेजांना १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागा ठेवू दिल्या. त्या जागांची गुणवत्ता किती, हा प्रश्न चहाच्या टेबलावर क्वचितच निघतो.

भाच्याने काय करावं?

ताई, आता तुमच्या भाच्याकडे. २०२३ नंतर वंशाच्या रकान्यातली खूण प्रवेश ठरवताना विचारात घेता येत नाही. 'कॉमन ॲप' या सामायिक अर्जातही कॉलेजांना तो रकाना झाकायची सोय आहे. त्यामुळे खूण करायची की नाही यावर घरात रात्री जागवू नका. खरं आहे ते लिहावं, किंवा नको वाटलं तर सोडावं. पण भीतीने सोडू नये. आणि व्हायोलिन आवडतं म्हणून वाजवत असेल, तर 'फार आशियाई दिसेल' म्हणून ते अर्जातून काढू नये. मुलाने सतराव्या वर्षी स्वतःला पुसून टाकायला शिकणं, ही कुठल्याही प्रवेशासाठी फार मोठी किंमत आहे.

त्याऐवजी एक काम करा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं पत्रक काढतात. त्यात एक तक्ता असतो: मार्क, निबंध, शिफारस, मुलाखत, व्यक्तिगत गुण, माजी विद्यार्थ्यांशी नातं. यातलं काय फार महत्त्वाचं, काय विचारात घेतात आणि काय घेत नाहीत, हे तिथे लिहिलेलं असतं. माजी विद्यार्थ्यांच्या नात्यापुढे काय लिहिलंय ते आधी बघा. कॉलेज आपलं माप किती उघडं ठेवतं, ते तिथेच कळेल. (भारतात राहून अर्ज करणाऱ्या भारतीय नागरिकांची मोजणी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणून वेगळी होते, हेही ध्यानात ठेवा.)

तुमचा मूळ प्रश्न होता, पोराला आपण कोण आहोत ते लपवावंसं का वाटतं? उत्तर असं आहे की आपल्याला कशावर तोललं जातंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तोलणारे चांगले असतील, वाईट असतील. पण ज्याला आपलं वजन कसं मोजलं हे कळत नाही, तो हरला तर कडवटपणाने हरतो आणि जिंकला तर संशयाने जिंकतो. १९२६ मधल्या ज्यू मुलाचं तेच झालं. आजच्या आशियाई मुलाचं तेच होतंय. आणि प्रवेश मिळूनही 'तू कशामुळे आलास ते माहितेय' असे टोमणे ऐकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीचंही तेच.

कुणाला किती झुकतं माप द्यायचं, यावर शहाण्या माणसांचे मतभेद राहणारच. ते राहू देत. पण माप टेबलावर ठेवा, त्यात वारशाचं आणि देणगीचं वजनही ठेवा, आणि मग भांडू. एवढी मागणी तर न्यू जर्सीतला भाचा, अटलांटातली कृष्णवर्णीय मुलगी आणि आपल्या गावातला पहिल्या पिढीचा विद्यार्थी, तिघं मिळून करू शकतात.

तुमच्या घरात यावर काय बोलणं होतं, ते जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.